करंडकाच्या जागी चेंडू

१. घरजावई

क्लबच्या काचेच्या कपाटात करंडक नव्हता. निळ्या मखमलीच्या बैठकीवर रग्बीचा एक लंबगोल चेंडू घरजावयासारखा ऐसपैस बसला होता, आणि त्याच्यापुढे क्लबचे चिटणीस डोक्याला हात लावून उभे होते.

"सकाळी पडदा बाजूला केला आणि बघतो तर हे!" ते म्हणाले. "दुपारी अंतिम सामना. मैदानात टेबलावर करंडक मांडल्याशिवाय नाणेफेक होत नाही. आता काय, हा चेंडू मांडू?"

"आधी बसा तुम्ही," मावशी म्हणाल्या. "आणि काचेवरचा हात काढा."

मावशी म्हणजे संघाच्या कप्तानाची मावशी. तपास खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. बहीण गेली तेव्हा भाचा नुकता शाळेत जायला लागला होता, तेव्हापासून त्याची आई म्हणजे त्याच. नोकरीत त्यांनी नको नको ते पाहिलं, पण भाच्याचा एकही सामना पाहिला नव्हता. आपलं पोर मैदानात आपटलेलं बघायची त्यांची छाती होत नसे. यंदा त्याने फारच गळ घातली म्हणून त्या सकाळच्या गाडीने आल्या, घरी चहा घेऊन सगळ्यांबरोबर क्लबात आल्या, तर पुढ्यात चोरी. जित्याची खोड कुठे जाते? त्यांनी चष्मा पदराने पुसला आणि कपाटापाशी वाकल्या.

"कुलूप?"

"लावलेलं होतं. किल्ली माझ्या खोलीत खुंटीवर असते. तीही जागच्या जागी. क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणजे चोराने कपाट उघडलं, करंडक घेतला, चेंडू ठेवला, कुलूप लावलं, पडदा ओढला आणि किल्ली परत खुंटीवर टांगली. भलताच टापटिपीचा चोर दिसतोय."

"थट्टा आहे ही, मॅडम! करंडक आम्ही नेतो, तुम्ही बसा चेंडू कुरवाळत, असं सांगायचंय त्याला. आणि तो कोण, तेही मला माहीत आहे." चिटणिसांनी आवाज खाली आणला. "रणगाडा. आधी कप्तान तो होता. त्याचं कप्तानपद काढून तुमच्या भाच्याला दिलं, तेव्हापासून धुमसतोय. पुढच्या हंगामात समोरच्या क्लबात जाणार अशी कुणकुण आहे. मी आज त्याला मैदानात पाऊल टाकू देणार नाही."

मावशी आणखी जवळ सरकल्या. त्या चेंडू बघत होत्या. सरावाचा जुना चेंडू, कडा झिजलेला. पण चिखलाचा एक डागही नाही, आणि क्लबचं चिन्ह बरोबर समोर येईल असा फिरवून ठेवलेला. टेबलावर पुसायचं फडकं चौकोनी घडी घालून ठेवलं होतं. घडी उलगडली तर आत काळंकुट्ट. चांदी घासली की निघतो तो काळेपणा.

"करंडक कोण घासतं?" त्यांनी विचारलं.

"ज्याने जिंकला त्या कप्तानानेच, सामन्याच्या आदल्या दिवशी, एकट्याने. क्लबची परंपराच आहे ती," चिटणीस म्हणाले. "म्हणजे तुमच्या भाच्याने."

२. कान लाल झाला नाही

भाचा कपडे बदलायच्या खोलीत दिवे बंद करून बसला होता. डोळ्यांवर टोपी ओढलेली. शेजारी चहाचा पेला जसाच्या तसा, वर साय धरलेला.

"मावशी!" तो हसला. "तू कधी आलीस?"

"अरे, सकाळी तुझ्याच घरी तुझ्यासमोर बसून चहा प्यायले ना मी!"

"हो की. डोकं ठिकाणावर नाही बघ आज. फायनलचं टेन्शन."

मावशींनाही हसू आलं. वार्षिक परीक्षेच्या दिवशी हा पोरगा दोन वेगवेगळ्या चपला घालून शाळेत गेला होता. त्या त्याच्याजवळ बसल्या.

"काल करंडक घासलास तू?"

"नाही गं. राहूनच गेलं. सराव झाला, डॉक्टरबाईंनी सगळ्यांना तपासलं आणि मी तडक घरी गेलो. करंडकाला मी हातसुद्धा लावला नाही."

मावशींनी त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. लहानपणी लाडू चोरला की हा कान लाल व्हायचा. मोठेपणी नोकरी सोडल्याचं लपवलं होतं, तेव्हाही झाला होता. तपास खात्यातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मावशींचा त्या कानावर अधिक भरवसा होता. आज कान लाल नव्हता. पोरगा खरं बोलत होता.

मग त्यांची नजर त्याच्या हातांवर गेली. हातांना चेंडूवरचा चिखल नव्हता, पण दहाही नखांच्या कडांत काळं भरलेलं होतं. त्याचे बूट पांढरे होते, म्हणजे ते बुटाचं पॉलिशही नव्हतं.

चांदी घासणारी नखं, आणि खरं बोलणारा कान. दोन्ही एकाच माणसाचे. उभ्या नोकरीत मावशींपुढे असा पेच आला नव्हता.

३. रणगाड्याचं वचन

रणगाडा नावाला शोभेल असाच होता. दारातून आत आला तर खोलीतला उजेड कमी झाला. मावशींसमोर मात्र खुर्चीच्या टोकाला टेकून बसला.

"करंडक तू घेतलास?"

"नाही मावशी. आईशप्पथ."

"समोरच्या क्लबात चाललास म्हणे?"

"बोलावणं आलं होतं. नाही म्हणून कळवलं. चिटणिसांना अर्धवट ऐकायची सवय आहे."

"मग घाम का फुटलाय तुला?"

रणगाडा बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिला. "काल सरावात एक गोष्ट झाली. पण मी वचन दिलंय, मावशी. कुणाला सांगणार नाही म्हणून. करंडकाचा आणि तिचा काही संबंध नाही."

"वचन कुणाला दिलंस?"

"तेही सांगता येणार नाही."

मावशींनी गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिले. ढिम्म. सराईत गुन्हेगार त्यांच्यापुढे पोपटासारखे बोलले होते, आणि हा एवढा थोरला गडी ओठ शिवून बसला. त्या उठल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "त्याला सांगा ना तुम्ही, आज नको खेळू म्हणून. तुमचं ऐकेल तो."

"का नको?"

रणगाडा उठला आणि तडक निघून गेला.

४. ब्याद टळली

भाचेसून बाहेर पायऱ्यांवर बसली होती. करंडक गेल्याचं ऐकून तिने कोपरापासून हात जोडले.

"गेला तर गेला, ब्याद टळली! खरं सांगते मावशी, तुम्ही रागवा हवं तर. मागच्या वर्षी त्यासाठी ह्याने खांदा निखळवून घेतला. दरवेळी हा मैदानात उतरला की मी इथे देव पाण्यात घालून बसते. काल रात्रीच म्हटलं, तो करंडक कुणी पळवला तर मी पेढे वाटीन."

मावशी तिच्याशेजारी पायरीवर टेकल्या. ही पोर क्लबात येऊन-जाऊन असायची. किल्लीची खुंटी हिलाही ठाऊक. आणि कारण तर असं, की त्यांना स्वतःलाच ते पटत होतं. चोर घरातला निघतोय की काय?

"काल संध्याकाळी तू इथे होतीस?"

"न्यायला आले होते. सगळे गेले तरी ह्याचा पत्ता नाही. मग मागच्या सामानाच्या खोलीतून हात पुसत आला. म्हटलं, झालं का सगळं? म्हणाला, झालं, नीट ठेवून आलो."

"सामानाच्या खोलीतून? या कपाटाच्या खोलीतून नाही?"

"नाही, मागून." मग तिला हसू फुटलं. "आणि तुम्हाला गंमत सांगते. घरी जाताना ह्याने गाडी थेट आमच्या जुन्या घराच्या गल्लीत घातली! तिथून निघून दोन वर्षं झाली आपल्याला, म्हटलं. तर कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत बसला. रात्री जेवलाही नाही. मळमळतंय म्हणाला."

ती हसत होती. मावशी मात्र हसल्या नाहीत. करंडक हा शब्द त्यांच्या मनातून कधीच मागे पडला होता. अंधारात बसलेला भाचा, न प्यायलेला चहा, आणि 'मावशी, तू कधी आलीस?'

बाहेर मैदानावर संघ धावायला लागले होते. मावशींनी पदर खोचला.

"तुमच्या डॉक्टरबाई कुठे बसतात?" त्यांनी विचारलं.

५. पाचातले दोन

डॉक्टरबाई पट्ट्या आणि बर्फाच्या पिशव्या मांडत होत्या. मावशींचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"डोक्याचा मार मी हसण्यावारी नेत नाही, मावशी. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची परीक्षा घेऊन ठेवते. पाच शब्द सांगते आणि थोड्या वेळाने परत विचारते. आकडे उलटे म्हणायला लावते, एका पायावर उभं करते. पुढे कुणाला लागलं की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. गुण खाली आले की तो बाहेर, मग कप्तान का असेना. काल सरावानंतर सगळ्यांची घेतली. तुमचा भाचा जसा तेव्हा होता तसाच कालही. पाचातले दोन शब्द." त्या जरा ओशाळल्या. "राग मानू नका, पण स्मरणशक्ती त्याची मुळातच यथातथा दिसते."

"कुणाची?"

"तुमच्या भाच्याची."

मावशींनी चष्मा काढून हातात घेतला. ज्या पोराला खिचडी ढवळता ढवळता त्यांनी पाढे शिकवले, आणि ज्याने एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवून साऱ्या आळीला वात आणला, त्याची स्मरणशक्ती यथातथा? घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस, दूधवाल्याचा खाडा, मावशींच्या गोळ्यांची नावं, सगळं ज्याच्या डोक्यात, त्याला पाचातले दोन शब्द?

"डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या, "काल त्याला दोनच आठवले, हे मला समजतं. पण हंगामाच्या सुरुवातीलाही दोनच, हे शक्य नाही. त्या रणगाड्याला बोलवा."

रणगाडा आला. मावशींनी त्याला बसूही दिलं नाही.

"वचन राहू दे तुझ्यापाशी. दुसरं विचारते. पहिल्या परीक्षेत तुम्ही काय करता रे?"

रणगाड्याचा चेहरा पडला. डॉक्टरबाईंकडे न बघताच तो बोलला. "मुद्दाम चुकतो. सगळेच. नवा पोरगा संघात आला की जुने त्याला आधी हेच शिकवतात. पहिल्यांदाच गुण कमी ठेवायचे. म्हणजे पुढे डोक्याला लागलं तरी फरक दिसत नाही आणि कुणी बाहेर बसवत नाही. मला माझ्या कप्तानाने शिकवलं, आणि ह्याला मी."

डॉक्टरबाईंच्या हातातली बर्फाची पिशवी टेबलावर आपटली. "सगळ्यांनी? म्हणजे मी इतकी वर्षं खोट्या वजनाने तोलत होते?"

"काल काय झालं?" मावशींनी विचारलं.

"माझा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. क्षणभर तो पडूनच राहिला. मग उठला, हसला, म्हणाला, बोललास तर दोस्ती संपली." रणगाड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रात्रभर डोळा लागला नाही माझा."

बाहेर पंचांची शिट्टी वाजली. दोन्ही कप्तानांना नाणेफेकीला बोलावणं आलं होतं.

६. गोणी

बोगद्यासारख्या त्या बोळातून भाचा मैदानाकडे निघाला होता. मावशी दोन्ही हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या.

"मावशी!" तो म्हणाला. "तू कधी आलीस?"

मागे उभ्या असलेल्या भाचेसुनेने तोंडावर हात ठेवला.

"एकोणतीस साती?" मावशींनी विचारलं.

"काय?"

"एकोणतीस साती किती?"

तो हसला. उत्तर जिभेवर असणारच, अशा खात्रीने त्याने तोंड उघडलं. मग थांबला. कपाळाला आठी पडली. "थांब, सांगतो. एकोणतीस साती..."

"तू आज खेळणार नाहीस," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मला काही झालेलं नाही! मी परीक्षा पास झालोय. हे सगळं ह्या दोघींनी ठरवून..." तो बायकोवर उखडला. "करंडकसुद्धा तूच लपवला असशील!"

"करंडक तिने नाही घेतला," मावशी म्हणाल्या. "कुणीच चोरला नाही. ऐक. थट्टा करणारा माणूस चेंडू कपाटात फेकतो आणि पळतो. तो चेंडूवरचा चिखल पुसत नाही, चिन्ह समोर येईल असा फिरवून ठेवत नाही, कुलूप लावून किल्ली खुंटीवर अडकवत नाही. इतक्या मायेने एकच माणूस ठेवेल. ज्याला वाटतंय की आपण करंडकच ठेवतोय." त्यांनी त्याचा हात धरून नखं त्याच्यासमोर केली. "सरावानंतर चेंडू कोण पुसतं?"

"मी. कप्तानाचंच काम ते. पुसून गोणीत भरायचे."

"आणि करंडक घासायचाही तूच. काल त्या टेबलावर तुझ्यासमोर शेवटचा चेंडू होता आणि करंडक होता. दोन्ही तू पुसलेस. एक कपाटात ठेवायचा, एक गोणीत. चेंडू कपाटात गेला. मग करंडक कुठे असेल?"

रणगाडा एव्हाना सामानाच्या खोलीकडे धावला होता. सामन्याचे चेंडू स्पर्धेवाल्यांकडून येत, त्यामुळे सरावाच्या गोणीकडे सकाळपासून कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याने ती बोळात आणून उलटी केली. चेंडू टणाटण उड्या मारत पांगले, आणि त्यांच्यामागून करंडक जमिनीवर आला. आरशासारखा लखलखीत.

भाचा गुडघ्यावर बसला. करंडकात त्याला स्वतःचा चेहरा दिसत असावा.

"हे मी केलं?" त्याने विचारलं. "मावशी, मला काहीच आठवत नाही. खरंच नाही आठवत गं."

"माहीत आहे रे राजा. तू खोटं बोलत नव्हतास."

तो घाबरला होता. मावशींनी त्याला शाळेतल्या पहिल्या दिवसानंतर इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्याने दंडावरची कप्तानाची पट्टी काढली, रणगाड्याच्या हातात दिली, आणि तिथेच भिंतीला धरून ओकला.

डॉक्टरबाईंनी गाडी मागवली. "याच डोक्यावर आज दुसरा दणका बसला असता तर..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

७. उत्तर

इस्पितळाच्या त्या लांबलचक बाकावर मावशी आणि भाचेसून एकमेकींचा हात धरून बसल्या. मावशींना एरवी असलं हात धरणं आवडत नसे. तपासणीच्या खोलीचं दार उघडलं, आणि तिथला डॉक्टर घाम पुसत बाहेर आला.

"मेंदूत रक्तस्राव नाही. मार मात्र चांगला लागलाय. सक्त विश्रांती. खेळ इतक्यात नाही, आणि पुन्हा खेळायचं की नाही ते आम्ही ठरवू, तो नाही."

भाचेसून मावशींच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मावशींनी तिला थोपटलं आणि थोपटता थोपटता स्वतःच्याही डोळ्यांना पदर लावला. जीव भांड्यात पडणं कशाला म्हणतात ते उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांना त्या बाकावर कळलं.

संध्याकाळी चिटणीस आणि रणगाडा आले. संघ हरला होता, आणि गोणीतून निघालेला करंडक समोरच्या क्लबात गेला होता. एरवी अशा दिवशी चिटणिसांच्या घरी चूल पेटत नसे. आज मात्र ते रणगाड्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"सर सलामत तो पगडी पचास," ते म्हणाले. "मी याच्याबद्दल भलतंसलतं बोललो, मॅडम. माफी मागून झाली माझी."

"दोनदा मागितली," रणगाडा म्हणाला. "आता तिसऱ्यांदा मागू नका. आणि मावशी, सामना संपल्यावर अख्खा संघ डॉक्टरबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हटलं, आमची पहिली परीक्षा नव्याने घ्या. या वेळी खरीखुरी."

"मग? काय म्हणाल्या?"

"आधी अर्धा तास शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, आठवड्याभराने या, आज तुमची डोकी तापलेली आहेत. माझं काही खरं नाही, मावशी. मुद्दाम चुकायची इतकी सवय झालीय की आता खरोखरच दोन शब्द आठवले तर?"

मावशी खळखळून हसल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच अशा मोकळेपणी हसल्या होत्या.

भाचा बराच वेळ झोपून होता. परिचारिका मधूनमधून त्याला उठवून नाव-गाव विचारून जात होती, आणि दरवेळी मावशी श्वास रोखून त्याचं उत्तर ऐकत होत्या. सकाळी खिडकीचा पडदा थोडासा सरकवलेला असताना त्याने आपणहून डोळे उघडले. मावशी उशाशी बसून होत्या. आता पुन्हा विचारेल, तू कधी आलीस, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. कपाळाला जराशी आठी पडली आणि विरली.

"मावशी," तो म्हणाला, "दोनशे तीन."